कोर्टाची पायरी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात हा कोर्टकचेरीचा विषय कशाला, असे काहीजणींच्या मनात आले असेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मीही ते खरे मानीत होते. त्याची किंमत मोजली, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शहरात राहत होतो. पावसाळ्यात एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना झाकण नसलेल्या गटारात माझा पाय गेला आणि उजवा हात मोडला. ऑपरेशन झाले, चार महिने शिवणयंत्र बंद राहिले. मी तिथल्या कचेरीत अर्ज दिला. 'साहेब बाहेर गेलेत', 'पुढच्या सोमवारी या', असे ऐकत आठ महिने गेले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "सरकारी मदतीने वकील मिळतो, विचारा तरी." मी म्हटले, "ते गरिबांसाठी. आमच्या ह्यांना पगार आहे. आम्हाला कोण देणार?"

अखेर एका वकिलांना भेटले. ते म्हणाले, "बाई, दोन चुका झाल्या. मोफत वकील तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळाला असता. आणि महापालिकेवर दावा लावायची मुदत सहा महिन्यांची होती, ती निघून गेली."

ह्या दोन्ही गोष्टी आज मला सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि १९९५ पासून अमलात आला. मोफत कायदेशीर मदत कोणाला मिळावी, हे त्याच्या बाराव्या कलमात सांगितले आहे. त्यात स्त्रिया आहेत, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याचा पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, याने हक्क जात नाही. मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतले लोक, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, यांनाही उत्पन्न विचारीत नाहीत. आपल्या पिंपरी-चाकणच्या घराघरांना लागू पडणारा शब्द म्हणजे 'औद्योगिक कामगार'. तोही ह्याच यादीत आहे. बाकीच्यांना मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. अट एवढीच की, तुमच्या म्हणण्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसले पाहिजे.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. १९७२ साली नवनगर प्राधिकरण झाले, पुढे चाकणकडे एमआयडीसी आली, आणि कितीतरी घरांच्या जमिनी गेल्या. सातबाऱ्यावर नाव असलेली बाई मोबदल्यासाठी भांडायचे तर खर्चाला भिते. भावांकडे बघत बसते. तिलाही हा वकील मागता येतो.

कोणी विचारील, सरकारशी भांडण आणि वकील सरकारने दिलेला, तो आपली बाजू कशी मांडील? तर जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. कलेक्टर किंवा आयुक्त नव्हेत. पुण्याचे प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. चाकणच्या भगिनींना खेड तालुक्याची समिती राजगुरुनगरच्या कोर्टात भेटेल. अर्ज मराठीत साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलेही लिहून घेतात. १५१०० हा फोन मोफत आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. राज्य सरकारवर दावा असेल तर नोटीस दोन महिन्यांची. अर्जावर अर्ज देत बसल्याने ही मुदत थांबत नाही. म्हणून कचेरीतल्या अर्जाची वाट पाहा, पण वकिलाचा अर्जही त्याच आठवड्यात द्या.

पाणी, वीज, दवाखाना, एसटी-बससारख्या सेवांच्या तक्रारींसाठी कायम लोकअदालत आहे. तिथे कोर्ट फी लागत नाही, आणि समेट झाला नाही तर ती निकालही देऊ शकते.

आणखी एक सांगण्यासारखी बातमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिले की, रस्त्यावरच्या खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मिळावी. ती ठरवणाऱ्या समितीत महापालिका आयुक्तांबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिवही बसतात. माझा हात मोडला तेव्हा हे नव्हते. आज चाकणच्या रस्त्यावर कोणाचा पाय मुरगळला तर तिने माझ्यासारखे गप्प बसू नये.

शेवटी एक सूचना. आपल्या मंडळाने एक वही ठेवावी. कोणा भगिनीवर असा प्रसंग आला की त्या दिवसाची तारीख, जागेचा फोटो, डॉक्टरांचा कागद आणि दोन साक्षीदारांची नावे त्यात नोंदवावी, आणि दोघींनी मिळून तिला प्राधिकरणाच्या कचेरीत घेऊन जावे. एकटीला ती पायरी उंच वाटते. बरोबर कोणी असले की चढता येते.

माझा हात आता बरा आहे, पण थंडीत दुखतो. दुखला की मला त्या आठ महिन्यांची आठवण होते. तुमच्यापैकी कोणावर ती वेळ न येवो, एवढे म्हणून मी आपली रजा घेते.