मैदानावरील उमेदवारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या घरात मुलाने डॉक्टर व्हायचे म्हटले की पेढे वाटले जातात. इंजिनिअर व्हायचे म्हटले की कर्जाची तजवीज सुरू होते. पण एखाद्याने, मला क्रीडा व्यवस्थापन शिकायचे आहे, असे सांगितले तर अब्बा अम्मीकडे पाहतात आणि अम्मी छताकडे पाहते. एका पालकांनी मला सरळच विचारले, "सर, पोट्टा आतापर्यंत मैदानावर फुकट पडून राहत होता, आता त्याचीच फी भरायची काय?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरात महिन्याचा हिशेब पाच तारखेलाच संपतो, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. आज मी त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

खेळणे वेगळे आणि खेळ घडवून आणणे वेगळे. नागपूरला जाताना वर्धा रोडवर जामठ्याचे क्रिकेट मैदान आपण सर्वांनी पाहिले आहे. ते २००८ पासून तेथे उभे आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. त्यांपैकी शेवटचे दोन अंतिम सामने याच मैदानावर झाले. पहिल्या दोन विजयांत आपल्या वासिम जाफरचा वाटा होता, हे मुलांना तोंडपाठ आहे. मैदानावर एका संघाचे अकरा खेळाडू असतात. पण खेळपट्टी राखणारे, तिकिटे तपासणारे, गुणलेखन करणारे, संघाच्या निवासाची व जेवणाची सोय पाहणारे, रुग्णवाहिका कोठे उभी करायची ते ठरवणारे आणि रात्री हिशेब जुळवून घरी जाणारे लोक कितीतरी पटींनी अधिक असतात. अकरांत आपल्या मुलाचे नाव लागेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. या दुसऱ्या यादीत मात्र मेहनती मुलाला जागा आहे.

हे शिकण्याची सोयही आता दूर राहिलेली नाही. शेजारी अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करीत आहे. शारीरिक शिक्षणाच्या पदव्यांसाठी आपल्या भागातील मुले पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आली आहेत. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. खेळाडूंचे कौतुक झाले. पण त्या पथकाचा प्रवास, परवाने, सामानसुमान आणि पैशाचा मेळ कोणीतरी बसवलाच असेल ना? त्यालाच आज क्रीडा व्यवस्थापन म्हणतात. खास या विषयाची संस्था मुंबईत २०१० साली माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी सुरू केली. (हेच ते गोलंदाज, ज्यांनी १९९७ मध्ये कोलंबोला कसोटीतील आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला आणि मग त्या डावात ७० षटके टाकूनही दुसरा बळी मिळाला नाही. मैदान माणसाला सबुरी शिकवते ती अशी.) पुण्यात सिम्बायोसिसमध्येही हा विषय शिकवला जातो. तेथील खर्च आपल्यापैकी अनेकांना झेपणार नाही, हे मी लपवत नाही. त्यांच्यासाठी जवळच्या महाविद्यालयातील वाणिज्य शाखेची पदवी आणि जोडीला मैदानावरचे काम, हा मार्ग मला कमी प्रतीचा वाटत नाही.

कारण नुसत्या पदवीच्या कागदावर या क्षेत्रात कोणी काम देत नाही. पहिला प्रश्न येतो, "आजवर कोणती स्पर्धा घेतलीत?" त्याचे उत्तर शिकत असतानाच तयार करावे लागते.

ही गोष्ट वर्ध्याच्या लोकांनी दुसऱ्या कोणाकडून ऐकावी, याची मला गंमत वाटते. कामातून शिक्षण हा विचार देशापुढे मांडला गेला तो याच गावात. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली आणि पुढचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. जामिया मिलियाचे हे चाळीस वर्षांचे कुलप्रमुख पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. त्यांच्याच समितीची योजना वर्धा योजना म्हणून देशभर गेली आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. पण झाकिरसाहेबांनी हा विचार डोळे मिटून स्वीकारला नव्हता. मुलांच्या श्रमातून उत्पन्न काढण्यावरच भर गेला तर गरीब मुलांचे श्रम लुबाडले जातील, अशी भीती त्यांनी परिषदेतच बोलून दाखवली होती. ही भीती लक्षात ठेवा. मी शेवटी तिच्याकडे येणार आहे.

आता काम कोठे मिळेल? आपल्याच दाराशी. दरवर्षी शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक ठिकाणी मुलामुलींचे, वेगवेगळ्या वयोगटांचे सामने होतात, आणि प्रत्येक ठिकाणी चार हात कमीच पडतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा तालुक्याच्या क्रीडाशिक्षकांकडे जाऊन, "मी मदतीला येऊ काय?" असे विचारणाऱ्या मुलाला बहुधा नकार मिळत नाही.

तेथे काय शिकायचे, ते एका उदाहरणाने सांगतो. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. टेप धरून चारही बाजू बरोबर मोजल्या तरी मैदान तिरके होऊ शकते. म्हणून कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर आले की मगच फक्की टाकायची. नववीत पायथागोरसला शिव्या देणारा मुलगा येथे त्याच्याशी दोस्ती करतो. मग सामन्यांची आखणी. ११ संघ आले. बाद पद्धतीने १० सामने होतील आणि पहिल्या फेरीत ५ संघांना पुढे चाल द्यावी लागेल. साखळी पद्धत धरली तर तेच सामने ५५ होतात! एक सामना २०-२० मिनिटांचा, मध्ये ५ मिनिटे विश्रांती, संघ आत-बाहेर होण्याचा वेळ धरून तास जातो. थंडीतला दिवस लहान. एकाच मैदानावर १० सामने अंधारापूर्वी उरकणार नाहीत, हे ज्याला आदल्या दिवशी कळते तो व्यवस्थापक. ज्याला संध्याकाळी साडेपाचला कळते तो प्रेक्षक.

या आखणीत आपली मुले एक गोष्ट अधिक जाणतात. शुक्रवारी दुपारी जुम्याच्या वेळेला सामना ठेवला तर काही खेळाडूंची ओढाताण होते. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे कोणत्या वर्षी तो परीक्षेत येईल आणि कोणत्या वर्षी स्पर्धेत, ते आधी पाहता येते. आयोजकाच्या मनात दुजाभाव नसतो, त्याला बहुधा ठाऊकच नसते. आखणीच्या टेबलावर आपला एखादा मुलगा बसलेला असेल तर तो दोन वाक्यांत सांगेल आणि सामना सकाळी नऊला घेतला जाईल.

माझी एक चूकही सांगून टाकतो. विद्यार्थिदशेत मी कबड्डी संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक होतो. बारा खेळाडू घेऊन रेल्वेने बडनेऱ्याला उतरलो, तेथून अमरावती. नोंदणीच्या टेबलावर पिशवी उघडली तर प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे पात्रता पत्रक नव्हते. ते घरी, जेवणाच्या ताटाशेजारी राहिले होते. मोबाइलचा काळ नव्हता. विनवण्या केल्या, पण नियम तो नियम. बारा मुलांनी दोन महिने घाम गाळला होता. ती दिवसभर कडेला बसून दुसऱ्यांचे सामने पाहत राहिली. परतीच्या गाडीत माझ्याशी कोणी बोलले नाही. त्या दिवसापासून निघण्याच्या आदल्या रात्री मी कागदांची यादी करतो आणि प्रत्येक कागदाला हात लावून खूण करतो. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

आता मुलींविषयी, आणि येथे मी मातांना विशेष विनंती करतो. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत महिला व्यवस्थापक लागते. ती मिळत नाही म्हणून चांगले संघ घरी बसलेले मी पाहिले आहेत. पालक विचारतात, "सोबत कोण बाई आहे?" आणि शाळेकडे उत्तर नसते. आपल्या समाजातील एक मुलगी हे काम शिकली तर तिच्या भरवशावर आणखी दहा घरांतून परवानगी मिळते. गुणलेखन, वेळ नोंदवणे, पंचपरीक्षा, हे तर मुलींनी सहज करावे असे काम आहे. ओढणी सावरून त्या पेनही तितक्याच नीट धरतात. निखत झरीनने २०२२ आणि २०२३ साली मुष्टियुद्धात जगज्जेतेपद मिळवले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण टाळ्यांच्या आधी तिला स्पर्धेला पाठवणारे घर होते.

वेळ कसा काढायचा, असे विद्यार्थी विचारतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिपलाही श्रेयांक मिळू लागले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर चार श्रेयांकांचे १२० तास होतात. रोज दोन तास दिले तर दोन महिन्यांचे काम. राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर शिबिराची व्यवस्था मागून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून शिबिरे पहाटेच होतात; नऊनंतर मुलगा वडिलांच्या दुकानावर बसू शकतो. आणि दुकानाला कमी लेखू नका. उधारीची वही चोख ठेवणारा मुलगा स्पर्धेची रोकडवहीही ठेवतो. मुलाखतीत हे न लाजता सांगावे.

आता झाकिरसाहेबांच्या भीतीकडे येतो. अनुभवाच्या नावाखाली मुलांना राबवून घेणारे लोक आहेत. सतरंज्या उचलायला बोलावतात, हारतुऱ्यांच्या वेळी ओळखही देत नाहीत. दोन-दोन वर्षे फुकट राबून हातात एक चिठ्ठीही न मिळालेली मुले माझ्या परिचयाची आहेत, आणि ती बहुतेक गरीब घरचीच आहेत. श्रीमंताचा मुलगा तिसऱ्या दिवशी येणे बंद करतो. म्हणून माझे सांगणे असे: पहिला हंगाम शिकण्यासाठी द्या, पण जाण्या-येण्याचे भाडे आणि जेवण तेव्हाही मागा. दुसऱ्या हंगामापासून मानधनाचे बोलणे आधी करा. प्रत्येक कामानंतर तारखा, तास आणि नेमके काय काम केले, हे लिहिलेले सही-शिक्क्याचे पत्र घ्या. "यांनी सहकार्य केले" एवढेच लिहिलेले पत्र घेऊ नका. "११ संघांच्या स्पर्धेचे वेळापत्रक व हिशेब यांनी सांभाळले" असे लिहून मागा. मागण्यात लाज नाही. केलेल्या कामाची नोंद मागणे ही भीक नव्हे.

पालकांनीही एक करावे. मुलगा स्पर्धेहून रात्री उशिरा परतला तर "कोण जिंकले?" एवढेच विचारू नका. "आज तुझ्याकडे कोणते काम होते?" असे विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर दुसऱ्या दिवशी स्वतः मैदानावर जाऊन पाहा. नीट आले तर त्याच्या कागदांसाठी एक फाइल आणून द्या. बाजारात ती फार महाग मिळत नाही.

आपल्या शाळेचा क्रीडादिन थंडीत असतो. मैदानाची आखणी या वर्षी शिक्षकांनी न करता महाविद्यालयात जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी करावी, अशी मी मुख्याध्यापकांना विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. ज्यांना यायचे असेल, मुलगे आणि मुली दोघांनीही, त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाच्या डाव्या बाजूला माझ्याकडे नावे द्यावीत. येताना वही-पेन आणावे. टेप आणि फक्की शाळा देईल.