‘कृतघ्न’ आणि ‘निमकहराम’

उपकार न स्मरणाऱ्या माणसास मराठीत मुख्यतः दोन नावे आहेत: ‘कृतघ्न’ आणि ‘निमकहराम’. बोलताना आपण ती एकाच अर्थी योजतो. परंतु त्यांची कुळे निराळी, आणि आशयही निराळा.

‘कृतघ्न’ हा संस्कृत शब्द. ‘कृत’ म्हणजे केलेले. ‘घ्न’ हा ‘हन्’ धातूपासून आलेला, म्हणजे मारणारा. ‘घ्न’च्या जागी ‘ज्ञ’ आला की केलेले जाणणारा तो ‘कृतज्ञ’ होतो. जाणणे आणि मारणे यांत एका अक्षराचेच अंतर! रामायणाच्या किष्किंधाकांडात, राज्य मिळताच दिलेल्या वचनाकडे पाठ फिरविणाऱ्या सुग्रीवास लक्ष्मण बजावतो की, सुरापान, चोरी, व्रतभंग यांस प्रायश्चित्त आहे, कृतघ्नतेस नाही.

‘निमकहराम’ हा शब्द दरबारातला. फारशी ‘नमक’ आणि अरबी ‘हराम’, म्हणजे निषिद्ध, यांचा हा जोड. धन्याचे मीठ खाऊन त्याच्यावरच उलटणारा, असा त्याचा अर्थ. 1757 साली प्लासीच्या रणात सिराजउद्दौल्याशी द्रोह करणाऱ्या मीर जाफराच्या मुर्शिदाबादेतील वाड्याची देवडी आजही ‘नमकहराम देवडी’ म्हणूनच ओळखली जाते. आपल्याकडील ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आणि ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हे प्रयोग याच भावनेतले. आमच्या कागलपासून कर्नाटकाची सीमा जवळच. जेवल्या घराशी द्रोह करू नये, अशी म्हण कानडीतही आहे.

परंतु येथे एक विवेक हवा. चाकराने खाल्लेले मीठ हा बहुधा त्याच्या श्रमाचा मोबदला असतो. तो उपकार नव्हे. गड्याने वाढीव मजुरी मागितली, की त्यास निमकहराम म्हणणारे धनी थोडे नाहीत. तेथे हा शब्द न्यायाचा राहत नाही, धाकाचा होतो.

कागलच्या घाटगे घराण्यातून 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. त्या जागेवर बसलेल्याने वेतन घेतले ते आपल्या कामाचे. महाराजांविषयी त्याच्या मनात जे उपजले, ती मात्र कृतज्ञता. ती कोणी मागून मिळत नसते.

म्हणून कोणास हा शब्द लावण्यापूर्वी स्वतःस विचारावे: आपण दिले ते दान होते, की देणे? देणे असेल, तर दुसऱ्यास कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.