परक्या लिपीतली ओवी
(मोहोळ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

श्रोतेहो, मोहोळात ओवी समजावून सांगावी लागत नाही. पंढरपूरची वाट आपल्या दारावरून जाते आणि पारायणाचा सूर लहानपणापासून कानात असतो. म्हणून आजची पोथी मी मुद्दाम तुमच्यापुढे आणली. तिच्यात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत, आणि त्यांचा कर्ता जन्माने इंग्रज आहे: फादर थॉमस स्टीफन्स.

विल्टशायरमधल्या बुश्टनचा हा माणूस. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांना दिवस वाईट होते. तो रोमला गेला, १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघात शिरला, ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. तो परत गेलाच नाही. पुढची चाळीस वर्षं बहुतेक साष्टीत, मडगाव-राशोलच्या परिसरात गेली. १६१९ मध्ये गोव्यातच त्याचा अंत झाला.

तो आमची भाषा गिरवत होता, त्याच सुमाराला, शके १५०६ मध्ये, पैठणला एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. दोघांची गाठ पडली नाही, पण मराठी ओवीचं ते एकच युग होतं.

१५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह मागून आणायला जो गेला, तो स्टीफन्सच. त्याच वर्षी त्याने भावाला पत्र लिहिलं आणि इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं नोंदवलं. भाषापंडित विल्यम जोन्स हे साम्य जगापुढे मांडेपर्यंत अजून दोनशे वर्षं जायची होती. मित्रांना गमावल्याच्या वर्षी हा माणूस व्याकरणाकडे इतक्या प्रेमाने पाहू शकला, हे मला फार मोठं वाटतं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. साष्टीतली देवळं पाडली गेली होती, लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या गेल्या होत्या. हे करणारी पोर्तुगीज सत्ता आणि स्टीफन्सचा धर्म एकाच जहाजातून आले होते. ते दुःख झाकून या ग्रंथाचं कौतुक मला करायचं नाही. पण ग्रंथाच्या आरंभी काय घडतं पाहा. बाटलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हांला दुसरं पुराण का देत नाही? स्टीफन्सने तो प्रश्न पोथीतच ठेवला. ज्यांच्या घरातून पोथी गेली, त्यांचं गाऱ्हाणं त्याला ऐकू आलं होतं. उत्तर म्हणून त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचलं. पहिल्या भागात बायबलचा जुना करार, दुसऱ्यात जेजूचं, म्हणजे येशूचं, चरित्र. त्यातला स्वर्ग वैकुंठ आहे, आणि मराठीची त्याने मनापासून स्तुती केली आहे.

हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोलला छापला गेला, पण रोमन लिपीत. स्टीफन्सच्या मनात वेगळंच होतं. १६०८ मध्ये त्याने रोमला, संघाच्या मुख्यांना लिहिलं की पुस्तकं इथल्याच भाषेत आणि इथल्याच अक्षरांत छापावीत. अडचण खिळ्यांची होती. युरोपच्या चोवीस अक्षरांसमोर आपल्या काना-मात्रा-जोडाक्षरांना सहाशे साचे लागत. ते दोनशेपर्यंत आणता येतील, असा हिशेबही त्याने मांडला. पण ते खिळे त्याच्या हयातीत काही आले नाहीत.

तरी पोथी जगली, कारण ती कानांसाठी होती. उपवासकाळात, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला, चर्चमधून ती मोठ्याने वाचली जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये ती पुन्हा छापली गेली, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदी घातली, तरी हस्तलिखितं उतरवली जात राहिली. त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणांनी ग्रंथ काढला, तोही रोमनमध्येच. पुढे लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित जस्टिन अॅबट यांच्या नजरेला पडलं. आणि १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत क्रिस्तपुराण छापलं. पहिल्या छपाईला तेव्हा तीनशे चाळीस वर्षं झाली होती.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो आणि जेजूची आई मुलाकडे बघते, तो प्रसंग मी आता वाचतो. चाल तुमच्या ओळखीची आहे. डोळे मिटून ऐका.

(यानंतर वक्त्यांनी त्या प्रसंगातील ओव्या म्हणून दाखवल्या.)