खुर्चीची चाके आणि कार्यालयाची फरशी

(‘कार्यालयीन साधनसामग्रीची निगा’ या विषयावरील भाषण)



कार्यालयाच्या कारभारात मोठ्या खर्चाच्या बाबींची छाननी काटेकोरपणे होते. लहान वस्तूंकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. फिरत्या खुर्चीची चाके ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. चाक मोडले म्हणजे ‘खुर्चीची चाके, ५ नग’ एवढेच मागणीपत्र निघते, दुकानदार हाताला येतील ती चाके देतो आणि शिपाई ती बसवितो. पुढे फरशीवर रेघा उमटतात, खुर्ची खडखडू लागते आणि एखादे वेळी बसू पाहणाऱ्याच्या खालून ती मागे सरकते. उतारवयातील कर्मचाऱ्याच्या दृष्टीने असे पडणे ही किरकोळ बाब नव्हे. म्हणूनच चाकांच्या निवडीचा विचार थोड्या तपशिलाने होणे अगत्याचे आहे.

या निवडीचे मूळ सूत्र एकच: चाक जमिनीच्या उलट प्रकृतीचे असावे. जमीन मऊ तर चाक कठीण आणि जमीन कठीण तर चाक मऊ. नायलॉनचे कठीण चाक गालिच्यावर हलके चालते. मऊ चाक तेथे जड जाते. दगडी फरशीवर मात्र नायलॉनचे चाक मुळीच दबत नाही. त्यामुळे सारा भार अगदी अरुंद जागेवर एकवटतो, प्रत्येक सांध्यावर चाक आपटते आणि गुळगुळीत पृष्ठावर ते सहज घरंगळते. पॉलियुरेथेनची मऊ धाव असलेले चाक किंचित दबते, भार पसरविते, आवाज गिळते आणि फरशीला धरून राहते. बैलगाडीची लोखंडी धाव डांबरी रस्त्यावर कशी वाजते आणि रबरी चाकांची गाडी त्याच रस्त्यावर कशी चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भेद निराळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडील कार्यालयांत गालिचा हा अपवाद आणि कठीण जमीन हाच नियम होय. बेळगाव व हैदराबादकडे शहाबादी फरशी, इंदूर, ग्वाल्हेर व वडोदऱ्याकडे कोटा फरशी, गोव्यातील जुन्या इमारतींच्या माडीवर लाकडी फळ्या आणि नव्या इमारतींत सर्वत्र चकचकीत टाइल्स, असे चित्र दिसते. शहाबादी व कोटा हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत. पादत्राणांबरोबर आत येणाऱ्या वाळूतील गारेचे कण त्यांहून पुष्कळ कठीण असतात. कठीण चाक हे कण फरशीवर रगडते आणि ओरखडा उमटतो. मऊ धावेतही कण रुतून बसू शकतात. म्हणून चाक बदलले तरी केरसुणीचे काम संपत नाही.

चाक ओळखावे कसे? ईएन १२५२९ या युरोपीय मानकानुसार कठीण चाक एकाच रंगाचे असते, तर मऊ चाकाची धाव निराळ्या रंगाची असते. परंतु बाजारातील प्रत्येक माल हे मानक पाळतोच असे नाही. धावेवर अंगठ्याचे नख जोराने दाबून पाहावे. नख किंचित रुतले तर धाव मऊ समजावी. काळ्या रबराचे चाक घ्यावयाचे असल्यास ते आधी पांढऱ्या टाइलवर घासून पाहावे, कारण काही रबरांचे डाग फरशीवर राहतात.

यानंतरची बाब मापाची. पुष्कळशा फिरत्या खुर्च्यांना ११ मिलिमीटर जाडीची व सुमारे २२ मिलिमीटर लांबीची, कडी असलेली खुंटी लागते. ती खोबणीत दाबून बसविली जाते. काही खुर्च्यांची खुंटी १० मिलिमीटरची असते. एका मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण बारीक खुंटी मोठ्या खोबणीत ढिली बसते आणि खुर्ची उचलताच चाक गळून पडते. काही खुंट्यांना आटे असतात. ती चाके पान्याने फिरवूनच निघतात. म्हणून जुने चाक काढून, मोजूनच नवे मागवावे. चाकाचा व्यास सामान्यतः ५० मिलिमीटर असतो. ७५ मिलिमीटरची चाके घेतल्यास खुर्ची उंचावते आणि ठेंगण्या व्यक्तीचे पाय अधांतरी राहू शकतात.

अतिशय गुळगुळीत टाइल्सवर मऊ धावही कधीकधी अपुरी पडते. अशा ठिकाणी, खुर्ची रिकामी असताना अडून राहणारी व भार पडताच मोकळी होणारी चाके घ्यावीत. त्यामुळे बसण्यापूर्वी खुर्ची मागे पळत नाही.

चाक अडखळू लागले म्हणजे ते निकामी झालेच असे नाही. आसाभोवती केस व दोरे गुंडाळले गेले असतील तर ते कापून काढताच चाक पूर्ववत चालते. बदलावयाचेच असल्यास खुर्ची उलटी करून चाक सरळ रेषेत ओढावे. आडवे ठोकल्यास खोबण फाटण्याचा संभव असतो. नवे चाक ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे आणि पाचही चाके एकाच वेळी बदलावीत.

पॉलियुरेथेनच्या काही जाती दमट हवेने कालांतराने चिकट होतात किंवा भुगा होऊन झडतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हे विशेष ध्यानी घ्यावे. अशा चाकांचा अनेक वर्षांचा साठा भांडारात करून ठेवू नये आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर वापरातील चाके तपासावीत.

तात्पर्य, मागणीपत्रात जमिनीचा प्रकार, धावेचा मऊपणा, खुंटीची जाडी व लांबी, चाकाचा व्यास आणि अडून राहणाऱ्या चाकांची गरज या पाच गोष्टी लिहिल्या म्हणजे पुरे. पाच चाकांची किंमत नव्या खुर्चीच्या मानाने अल्प असते. तरीही चाकांअभावी धडधाकट खुर्च्या निर्लेखनाच्या यादीत जाऊन पडतात. मागणीपत्रातील दोन ओळी वाढविल्याने खुर्ची वाचते, फरशी वाचते आणि त्या खुर्चीवर विश्वासाने बसणारा माणूसही सुरक्षित राहतो.