उरुसातील संगीतसभा आणि आपले स्वयंसेवक
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात मिरज येथे केलेले भाषण)



सकाळच्या बैठकीत अशी सूचना आली की, आपल्या ज्ञातीतर्फे प्रतिवर्षी एक स्वतंत्र संगीत महोत्सव भरवावा. सूचना मांडणाऱ्या तरुणांच्या उत्साहाचे आम्हांस कौतुक वाटते; तथापि या सूचनेस आमची संमती नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. आडपडदा ठेवून बोलणे आमच्या स्वभावात नाही.

मिरजेला गाण्याची उणीव आहे, असे कोण म्हणेल? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेकडील कैरान्याचे. परंतु आयुष्याचा उत्तरकाल त्यांनी येथे घालविला. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे देहावसान झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा भरते. तेथे गवई बिदागीसाठी येत नाही, हजेरी लावण्यासाठी येतो. आणि श्रोत्यालाही तिकीट नसते. ज्या गल्लीत तंबोरे घडतात, ती गल्लीही याच गावातली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल.

कॉलेजात असताना आम्ही या सभेत स्वयंसेवक झालो. हेतू सेवेचा मुळीच नव्हता. पुढे बसून गाणे ऐकावयास मिळेल, एवढाच लोभ! आमच्याकडे काम आले तंबोरे सांभाळण्याचे. पहिल्या रात्री एक बुजुर्ग गवई गावयास बसले आणि आम्ही हातातला तंबोरा वाटेलगतच्या भिंतीला टेकवून पुढे सरकलो. पाव तासाने मागे वळून पाहतो तो तंबोरा आडवा पडलेला. कोणाचा तरी पाय लागला होता. भोपळ्याला वीतभर चीर गेली होती. भोपळा म्हणजे वाळलेले फळच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतून तो येतो. चीर गेली की नाद गेला. पुढच्या गायिका तयार होऊन बसलेल्या.

तेथे एक वृद्ध तंतुवाद्य-कारागीर हजर होते. त्यांना आम्ही सारी मुले चाचा म्हणत असू. आमचा चेहरा पाहून ते एवढेच म्हणाले, “रडतोस काय? चल, दुकान उघडू.” रात्रीचे दोन वाजले होते. दुकानातला एक तंबोरा त्यांनी निवडला, तारा तपासल्या आणि म्हणाले, “आता तूच उचल.” सबंध वाटभर तो आम्ही तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता.

त्या रात्री उरलेले गाणे आम्ही समोरून ऐकले नाही. तंबोऱ्यापासून हलण्याची छातीच झाली नाही. व्यासपीठामागे, कनातीच्या आडोशाला बसून चाचा तो मिळवीत होते: पंचम, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, खुंटी पिळायची, मणी किंचित सरकवायचा, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे करायचा. जवारी लागली आणि कोणीही न छेडलेला गंधार त्या तारांतून आपोआप उमटला. बाहेर हजारो श्रोते होते. हे ऐकणारे आम्ही दोघेच. नुकसानीचे पैसे विचारावयास दुसऱ्या दिवशी गेलो, तर त्यांनी पैसे घेतले नाहीत. आठ दिवस दुकानात भोपळे साफ करावयास बसविले. घरी वडिलांना हे रुचले नाही. पण तो विषय वेगळा.

आता सूचनेकडे वळतो. आपण स्वतंत्र महोत्सव भरविला तर काय होईल? यजमान आपण, श्रोते आपण, पहिल्या रांगेत आपलेच देणगीदार. आणि हारतुऱ्यांत पाऊण तास गेल्यावर गवयाने घड्याळाकडे पाहत एक राग आटोपता घ्यायचा. (आमच्या संमेलनांतील हारतुऱ्यांविषयी अधिक बोलत नाही, आजच्या माळा अद्याप ताज्या आहेत.) तो पैसा विद्यार्थिनिधीला द्यावा. आणि मुलांनी चाचांच्या दुकानाच्या पायरीवर कोणत्या प्रसंगाने चढावे? ज्ञातीच्या मंडपात तर तो प्रसंग येणार नाही.

कोणी म्हणेल, स्वयंसेवकाला गाणे नीट ऐकू येत नाही. हे खरे आहे. विलंबित ऐन रंगात येते आणि नेमके त्याच वेळी एखाद्या आजींना रिक्षापर्यंत पोचवायचे असते. आमचे कित्येक ख्याल अर्धे राहिले. परंतु त्या अर्ध्या ख्यालांतले जेवढे कानी पडले, तेवढे अजून कानात आहे. खुर्चीवर स्वस्थ बसून ऐकलेल्या मैफिलींविषयी तसे म्हणवत नाही.

म्हणून आमची उपसूचना अशी: येत्या उरुसात आपल्या ज्ञातीतून दहा मुलगे व दहा मुली संगीतसभेच्या व्यवस्थापकांकडे जाव्यात आणि सांगतील ते काम त्यांनी करावे. छातीवर ज्ञातिसंघाचे नाव लावू नये. सतरंज्या घालाव्यात, पाणी द्यावे, चपला सांभाळाव्यात. आणि सभा उलगडल्यावर सतरंज्या झटकून, घड्या घालूनच घरी जावे. घडी घालावयास दोन माणसे लागतात व समोरचा माणूस बहुधा अनोळखी असतो.

नावे आज सायंकाळपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत. येताना पातळ शाल घ्यावी आणि चपला जुन्याच घालाव्यात.