बुद्धीचे माप

कुळाचा किंवा संपत्तीचा गर्व कोणी मिरवू लागला तर लोक त्याला हसतात. बुद्धीचा मान मात्र निर्मळ समजला जातो. तो ज्याचा त्याने मिळवलेला, असे सर्वांना वाटते. हा समज कितपत खरा आहे, हे बुद्धिमापनाच्या इतिहासातच पाहावयास मिळते.

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने वर्गात मागे पडणाऱ्या मुलांविषयी विचार करण्यासाठी एक समिती नेमली. त्या कामातूनच आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली ३० लहान कसोट्यांची मापनश्रेणी सिद्ध केली. हेतू एवढाच, की ज्याला अधिक साहाय्य हवे ते मूल ओळखता यावे. बुद्धी ही जन्माची ठरीव शिदोरी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. योग्य सरावाने ती वाढते, असा त्यांचा विश्वास होता. १९११ साली ते वारले, आणि त्यांचे माप दुसऱ्यांच्या हाती गेले.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली १७ लाखांहून अधिक सैनिकांची बुद्धी तपासण्यात आली. त्यांतला एक प्रश्न असा : क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को ही तेथील दुकानांत मिळणारी, आपल्याकडील वनस्पती तुपाच्या जातीची वस्तू. इटलीच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या शेतकऱ्याने ती कोठे पाहिली असणार? तो चुकला, आणि त्याची बुद्धी उणी ठरली.

या कसोट्यांत आणखी एक गोष्ट दिसून आली होती. स्थलांतरिताचा अमेरिकेतील मुक्काम जितका दीर्घ, तितके त्याचे गुण अधिक. यावरून परिचयाचे व शिक्षणाचे महत्त्व ध्यानात यावयास हवे होते. परंतु १९२३ साली कार्ल ब्रिगम यांनी निष्कर्ष काढला तो उलटा : मागाहून आलेले लोक वंशानेच हीन! पुढे १९३० साली त्यांनी स्वतःच हे प्रतिपादन निराधार म्हणून मागे घेतले. पण मध्यंतरी, १९२४ साली, दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांसाठी अमेरिकेची दारे बव्हंशी बंद करणारा कायदा होऊन गेला होता.

संधीचा आणि बुद्धीचा हा संबंध ओळखण्यास महात्मा फुले यांना कोणत्याही मापाची गरज भासली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस होतो.

घरात पुस्तके, पोटाला अन्न आणि शिकण्यास सवड ज्याला मिळाली, तो परीक्षेत पुढे जातो. त्या यशास बुद्धी हे नाव मिळते, आणि त्या नावावर त्याला आणखी संधी मिळते. यात त्याची हुशारी खोटी ठरत नाही. परंतु ती एकट्याची कमाईही राहत नाही. ज्यांच्या श्रमांवर ती वाढली, त्यांच्या मुलांचे काही देणे तिच्याकडे उरतेच.