खोपट ते जांभळी नाका



ठाण्यात पाहुणा आला की त्याला दाखवायचं काय, हा ठाणेकरांचा नेहमीचा पेच. मॉल दाखवावा, तर तसलाच त्याच्याही गावात असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. त्याला खोपटच्या एसटी स्टँडवर उतरवून घ्यावं आणि चराई, टेंभी नाक्यावरून पायीच जांभळी नाक्याच्या बाजारात न्यावं. ठाणं हे मुळात बाजाराचं गाव आहे आणि त्याची पाहण्यासारखी ठिकाणं बाजाराच्या आसपासच दाटीनं बसली आहेत. चालत गेलं की हे सांगावं लागत नाही.

इंग्लंडमध्ये अशा बाजारगावांचं मोठं कौतुक असतं. राजानं सनद दिलेली, आठवड्याचा बाजाराचा वार ठरलेला, मधोमध चौक, शेजारी चर्च. लोक सुटी काढून ती बघायला जातात. तेराव्या शतकात तिथं ब्रॅक्टन नावाच्या कायदेपंडिताच्या ग्रंथात दोन बाजारांमधल्या अंतराचा एक हिशेब आहे. माणूस दिवसाला वीस मैल चालतो. त्यातला एक तृतीयांश दिवस बाजाराला जायला, एक तृतीयांश खरेदी-विक्रीला आणि उरलेला उजेडात घरी परतायला. म्हणून जुन्या बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत नवा बाजार काढू नये. कायद्याच्या पुस्तकात माणसाच्या पायांचा इतका विचार क्वचितच झाला असेल.

ठाण्याच्या बाजाराला सनदेची गरज पडली नाही, खाडी पुरली. शिलाहारांच्या काळात हे गाव श्रीस्थानक म्हणून नांदत होतं. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना अरिकेसरी या शिलाहार राजाचा १०१७ सालचा ताम्रपट हाती लागला. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातही ठाणं आहे. इथून चामडं आणि सुती कापड परदेशी जातं, असं तो सांगतो आणि लगेच इथल्या राजाची एक लबाडीही सांगतो. राजाचं म्हणे समुद्रातल्या चाच्यांशी संगनमत होतं. लुटीत घोडे मिळाले तर ते राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. खंडणीत पाती ठेवण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी दिसते!

हा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. पुढे त्याचा तुरुंग झाला आणि तो आजही तुरुंगच आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथंच फाशी दिलं गेलं. पाहुण्याला तुरुंगाची भिंत बाहेरून दाखवावी. आत जायची वेळ कुणावर न येवो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आगगाडी ठाण्याला आली, हे आपण शाळेत घोकलंच आहे. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. ब्रॅक्टनचा हिशेब लोखंडी रुळांनी मोडला, कारण दिवसभराची वाट आता तासाभरावर आली. उरलीसुरली कसर एसटीनं भरून काढली. जुन्या आग्रा रोडवरचं आमचं खोपट त्यामुळंच महत्त्वाचं झालं. गणपतीच्या आधीच्या रात्री या स्टँडवर या. पिशव्या, पोतडी, मखराचं सामान, पेंगुळलेली मुलं आणि कोकणात निघालेल्या लाल गाड्या. गाव बघायचं तर हीही एक प्रेक्षणीय जागाच आहे.

आता बाजारात येऊ. मी म्हणेन, जूनमध्ये या. मृगाचा पाऊस पडला की जांभळी नाक्याच्या रस्त्याकडेला पाड्यांवरून आलेल्या बाया गोणपाट पसरून बसतात. पुढ्यात शेवळांच्या जुड्या असतात. शेवळं म्हणजे पावसाबरोबर जमिनीतून वर येणारे तपकिरी-जांभळे कोंब. शेजारी हिरव्या, आंबट काकडांचा लहानसा ढीग. काकडांशिवाय शेवळं घेऊ नका, घसा खवखवेल. नवखं गिऱ्हाईक दिसलं की बाई स्वतःच एक कोंब सोलून दाखवते, आतला पिवळा भाग काढून टाकते आणि म्हणते, "ह्यो फेकायचा, ताई." चराई आणि खारकर आळीतल्या सीकेपी घरांत त्या दिवशी सोडे घालून शेवळं होतात आणि जेवणारा इतर भाज्यांकडे ढुंकूनही बघत नाही. शेवळं संपली की टाकळा, कर्टोली. मग हरितालिकेची पत्री, गौरीसाठी तेरडा, दसऱ्याला आपट्याची पानं आणि भाताच्या लोंब्या. पंचांग घरी विसरलात तरी चालेल.

बाकीचं सगळं इथून पाच-दहा मिनिटांवर. मासुंदा तलाव, म्हणजे आमची तलावपाळी, आणि त्यातली नौकाविहाराची मौज. काठावर कौपिनेश्वराचं देऊळ, पाडव्याच्या स्वागतयात्रेची पालखी निघते ते. पलीकडे १९७८ मध्ये उभं राहिलेलं गडकरी रंगायतन. स्टेशनच्या बाजूला १८९३ मध्ये स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय, विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. आणि भूक लागली तर मामलेदार कचेरीची मिसळ आहेच. तिखट किती हवं ते आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

शेवळं विकणाऱ्या बाईचा दिवस मात्र अजून ब्रॅक्टनच्याच हिशेबानं चालतो. पहाटे भाजी खुडून गाडी गाठायची, दुपारपर्यंत विकायची, अंधाराच्या आत पाड्यावर परतायचं. मधल्या त्या एक तृतीयांश दिवसात तिला कुणी उठवलं, की उरलेले दोन्ही भाग फुकट गेले. तिचा गाळा नाही, ओटा नाही, नावाची पाटी नाही. ठाण्याला स्मार्ट वगैरे करण्याच्या आराखड्यांत तलावाकाठच्या दिव्यांना जागा मिळते. तशीच पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती, जांभळी नाक्यालगत, छप्पर असलेली थोडी जागा रानभाजीवाल्यांसाठी राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. आणि तुम्ही गेलात, तर जुडीमागं दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.